गोंदियातील नृत्यविद्या : आश्रय, शिष्यवृत्ती आणि विद्यार्थिजीवन

नृत्य हा ज्यांच्या उपजीविकेचा आधार होणार आहे त्यांचे शिक्षण कोणाच्या खर्चाने व्हावे, हा प्रश्न महाराष्ट्रात अधूनमधून चर्चेला येतो. परंतु ती चर्चा बहुधा पुण्यामुंबईच्या संस्था डोळ्यांपुढे ठेवून होत असल्यामुळे, जेथे नृत्य विपुल आणि नृत्यशाळा मात्र विरळ, अशा मुलखात त्या प्रश्नाचे स्वरूप कसे पालटते हे पाहण्याचा योग क्वचितच येतो. गोंदिया जिल्हा हा तसा मुलूख आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा, भातशेतीवर आणि तलावांवर पोसलेला हा प्रदेश. येथे मराठीच्या जोडीला झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी या भाषा नांदतात आणि प्रत्येक भाषेच्या मागे एखादा नाच उभा असतो. आमगावजवळचे पदमपूर हेच नाटककार भवभूतीचे पद्मपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते. त्या वारशाचा अभिमान जिल्ह्यात आजही आहे. पण नर्तक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलीला दिवसाचे चार तास अंगमेहनत करता येईल, गुरू भेटेल आणि त्याच काळात पोटाची चिंता राहणार नाही, अशी व्यवस्था कशी उभी करावी याविषयी जाणत्यांमध्ये एकवाक्यता नाही. त्या मतमतांतरांचा हा आढावा आहे.

जुना आश्रय

या प्रदेशातील नृत्याला शाळा नव्हती, तरी शिक्षण नव्हते असे म्हणता येत नाही. दंडार ही झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्याची, स्वतःची कला. तिचे खडी, बैठी आणि परसंगी असे प्रकार सांगितले जातात. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या कलेकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले. दंडारीत स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष करीत, आणि पदन्यास, झिलकऱ्यांची (मागे सूर धरणाऱ्यांची) साथ, ढोलकीच्या बदलत्या चालीवर अंग फिरविण्याची रीत हे सारे मुलगा गावच्या दंडार मंडळात वावरताना शिके. खडी गंमत या लोककलेचे शिक्षणही असेच, शाहिराच्या मागे उभे राहून. दिवाळीच्या पाडव्याला गोवारी समाज ढाल घेऊन वाजतगाजत नाचतो. गोंड समाजाच्या रेला नृत्यात हातात हात गुंफून फेर धरला जातो. सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघी पौर्णिमेस लोटणाऱ्या जनसमुदायात नृत्य हे उपासनेपासून वेगळे काढता येत नाही. यांपैकी कोठेही शुल्क नव्हते, हजेरीपट नव्हता, आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा फैसला गाव करीत असे.

खर्च कोण करी? मालगुजारीच्या (जमीनदारी पद्धतीच्या) अमलात मालगुजार, पाटील आणि गावाची वर्गणी यांच्यावर तो भार असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव पडले. तलावांची जबाबदारी निदान कोणत्यातरी खात्याच्या दप्तरात नोंदली गेली. कलावंताच्या आश्रयाची नोंद मात्र कोणाच्याच दप्तरात झाली नाही. पुढे तो भार भात कापणीनंतर भरणाऱ्या मंडईने आणि तिकिटावर चालणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीने उचलला. दिवाळीपासून होळीपर्यंत, गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथील नाटक कंपन्यांच्या आधारावर, रात्रभर चालणारी ही नाटके शासकीय अनुदानाविना उभी राहिली, आणि २०२३ मध्ये या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने तिचे नाव देशभर पोहोचले.

या इतिहासात एक तारीख विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी खैरागड येथे, राजा वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी दिलेल्या राजवाड्यात इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. त्या दिवशी खैरागड आणि गोंदिया ही दोन्ही ठिकाणे, नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेश राज्यातच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि ज्या प्रांतासाठी ते कलाविद्यापीठ निघाले त्या प्रांताचा आपला भाग अवघ्या अठरा दिवसांत त्याच्यापासून तुटला. आज खैरागड छत्तीसगडमध्ये आहे. गोंदियाहून हावडा मार्गावरील गाडीने डोंगरगडला उतरावे आणि पुढे बसने जावे, असे ते अंतर. कथक, भरतनाट्यम्, ओडिसी यांचे पदवीशिक्षण आणि लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग तेथे आहे. पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्र १९८७ चे, मुंबईचे नालंदा नृत्य कला महाविद्यालय त्याच्याही आधीचे. परंतु गोंदियाच्या विद्यार्थ्याला ती दोन्ही एक संपूर्ण महाराष्ट्र ओलांडल्यावर लाभतात. नकाशावर जवळचे ते परराज्यात, आणि स्वराज्यातले ते दूर, ही अडचण पुढील सर्व विवेचनात पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

आजचा निधी कोठे जातो

सध्याच्या शासकीय साह्याचे ओघ पाहिले, तर ते कलावंताच्या आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर येऊन मिळतात असे दिसते. बालवयासाठी केंद्राची सांस्कृतिक प्रतिभाशोध शिष्यवृत्ती आहे. सी.सी.आर.टी. (सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग) ही संस्था ती १९८२ पासून देते. निवडीचे वय १० ते १४, रक्कम वर्षास ३,६०० रुपये आणि शिकवणीशुल्काची ९,००० रुपयांपर्यंत भरपाई. योजनेच्या रचनेत ६५० शिष्यवृत्त्यांपैकी १२५ परंपरागत कलावंत घराण्यांतील मुलांसाठी आणि १०० आदिवासी संस्कृतीसाठी राखलेल्या आहेत, ही तरतूद गोंदियासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने मोलाची. १८ ते २५ या वयासाठी तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षे दरमहा ५,००० रुपयांची. त्या शिष्यवृत्तीस पात्र होण्यास गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण झालेले असावे लागते.

दुसरा ओघ गुरूकडे जातो. १९८६ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र गुरु-शिष्य परंपरा योजना राबविते. तीत गुरूस दरमहा ७,५००, संगतकारास ३,७५० आणि शिष्यास १,५०० रुपये असे दर ठरलेले असून योजनेची मुदत सहा महिने ते एक वर्ष असते. तिसरा ओघ रंगमंचाकडे जातो: राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय खडी गंमत, दशावतार, तमाशा यांच्या पथकांना अनुदान देते, महोत्सव भरविते आणि अल्पमुदतीची प्रशिक्षण शिबिरे घेते. चौथा ओघ आयुष्याच्या उत्तरार्धात मिळतो. पन्नाशी ओलांडलेल्या साहित्यिक-कलावंतांना राज्याकडून मिळणारे मानधन २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये झाले आहे.

हे सर्व एकत्र मांडले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते, आणि तीच या लेखकाच्या मते प्रश्नाचे मर्म आहे. साह्य येते ते बहुधा शिकून झालेल्याला. प्रतिभाशोधात निवड व्हावयाची तर दहाव्या-अकराव्या वर्षी मुलाने काही करून दाखविले पाहिजे. तरुण कलावंताची शिष्यवृत्ती हवी तर पाच वर्षांचे शिक्षण आधीच झालेले पाहिजे. पथकाला अनुदान हवे तर पथकाने आधीच प्रयोग केलेले पाहिजेत. ती पहिली पाच वर्षे, ज्यांत शरीर घडते आणि बहुतेक मुले गळतात, कुटुंबाच्या खर्चाने जातात. धान गिरणीत हमाली करणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या घराला ती वर्षे परवडणारी नसतात.

विद्यार्थ्याचा दिवस

गोंदिया शहरात आणि काही तालुक्यांच्या गावी जे शास्त्रीय नृत्याचे शिक्षण मिळते ते खासगी वर्गांतून, आणि त्याला आकार येतो तो अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या संस्थांच्या परीक्षांमुळे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, मग विशारद, ही ती शिडी. दरवर्षी एक पायरी चढली तरी शाळेत असताना सुरुवात केलेली मुलगी विशारदला पोहोचेतो महाविद्यालयात गेलेली असते. मधल्या काळात दहावी आणि बारावी येते. याच दोन वर्षी वर्ग सोडण्याचे प्रमाण सर्वाधिक असते, हे कोणताही नृत्यशिक्षक सांगेल. दहावीला शासनाने कलेसाठी वाढीव गुणांची सोय केल्यापासून निदान तेवढ्यापुरते पालक धीर धरतात. पण ते गुण पदरात पडताच घुंगरू खुंटीला टांगले जातात असाही अनुभव आहे.

वर्ग संध्याकाळी असतो. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातील बसगाड्या मुलींना गावाहून शाळेत आणतात आणि पोहोचवितात. त्यांची वेळ शाळेला बांधलेली आहे. संध्याकाळी सहाचा वर्ग आटोपून गोरेगाव किंवा तिरोडा तालुक्यातील आतल्या गावी परतण्यास साधन उरत नाही, म्हणून जिचे घर शहरात आहे किंवा जिला मामा-मावशीकडे राहण्याची सोय आहे तिचेच शिक्षण टिकते. शिष्यवृत्तीच्या चर्चेत शुल्काचा विचार होतो, प्रवासाचा होत नाही. वास्तविक खेड्यातल्या मुलीच्या बाबतीत शुल्कापेक्षा प्रवासच आधी आडवा येतो.

यानंतर साहित्याचा आणि साथीचा खर्च. घुंगरू एकदाच घ्यावे लागतात. परंतु परीक्षेला तबलजी आणि लेहरा धरणारा लागतो, मंचप्रवेशाला पोशाख भाड्याने आणावा लागतो, आणि नागपूरला कार्यशाळेस जावयाचे तर सुमारे १३० किलोमीटरचा प्रवास मुलीबरोबर मोठ्या माणसालाही करावा लागतो. रोजचा सराव ध्वनिमुद्रित ठेक्यावर चालतो. मुद्रित ठेका कधी चुकत नाही आणि कधी थांबतही नाही, त्यामुळे जिवंत साथीदाराच्या डोळ्यांकडे पाहून समेवर येण्याची कला अंगी बाणत नाही, ही तक्रार परीक्षकांच्या तोंडी वारंवार असते, आणि ती रास्त आहे.

शरीराविषयी तर फार थोडे बोलले जाते. कथकचा तत्कार असो की खडी गंमतीची गिरकी, ती बहुधा सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर अनवाणी केली जाते. तिचे फळ गुडघ्यांना आणि घोट्यांना भोगावे लागते. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार बराच आढळतो. हा आजार असलेल्या विद्यार्थ्याला अतिश्रम, पाण्याची कमतरता आणि थंडी यांमुळे तीव्र वेदनांचे झटके येऊ शकतात. तेव्हा या जिल्ह्यात नृत्याचे शिक्षण द्यावयाचे तर प्रवेशाच्या वेळी रक्ततपासणी, आणि ती कोणाला वगळण्यासाठी नव्हे तर श्रमाचे माप ठरविण्यासाठी, ही पहिली गरज ठरते. निवासी शाळेची योजना मांडणाऱ्यांनी इमारतीच्या खर्चाआधी या गोष्टीचा विचार करावा.

लोकनृत्य शिकणाऱ्या मुलाचे जीवन याहून निराळे. त्याचा हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र एकाच वेळी चालतात. मंडईच्या दिवसांत रात्र जागून तो सकाळी वर्गात पेंगतो. कमाई नाईटवर, म्हणजे रात्रीच्या हिशेबाने, आणि तीही हंगामापुरती. स्त्रीवेष घेणाऱ्या मुलाला सोबत्यांची टवाळी सोसावी लागते. मुली मंचावर आल्या, तर त्यांच्या वाट्याला लोकापवाद येतो. कंपन्यांतून नाचणाऱ्या अनेक तरुणी नागपूरसारख्या शहरांतून करारावर येतात, यामागे स्थानिक मुलींना गावाची वाटणारी ही धास्ती हे एक मोठे कारण आहे.

चार मते

पहिले मत असे की, जिल्ह्यात किंवा निदान झाडीपट्टीच्या मध्यभागी शासनाने निवासी नृत्यविद्यालय काढावे. या पक्षाचे आवडते उदाहरण केरळ कलामंडलमचे. कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये, लॉटरीतून निधी उभा करून, ते सुरू केले. आज तेथे आठव्या इयत्तेपासून मुलांना शालेय शिक्षण आणि कलेची तालीम एकाच आवारात मिळते. शाळा की नाच, असा पेच मुलापुढे पडू नये ही या मताची खरी ताकद. त्यावर आक्षेप असा की, कलामंडलमच्या पाठीशी कथकळीसारखी सुसंहत आणि दीर्घ अभ्यासक्रमाची कला होती. दंडार, रेला आणि कथक यांना एका छपराखाली आणले तर त्यांपैकी कथकच प्रबळ होईल, कारण त्याच्याच हाती परीक्षा आणि प्रमाणपत्रे आहेत.

दुसऱ्या मताचे लोक म्हणतात, इमारत नको, गुरू पोसा. कला मंडळात जगते; मंडळाच्या शाहिराला मानधन आणि शिष्यांना विद्यावेतन द्यावे, म्हणजे परंपरा तिच्या मूळ जागी वाढेल. हे मत परंपरेशी सर्वाधिक प्रामाणिक आहे हे मान्य केले पाहिजे. पण वर्षभराच्या मुदतीत नर्तक तयार होत नाही, आणि दीड हजार रुपयांत वाढत्या वयाच्या मुलाचा आहारदेखील भागत नाही. शिवाय गुरू आपल्याच घरातील मुलांची नावे शिष्य म्हणून देण्याचा संभव अशा योजनेत राहतो.

तिसरे मत निधी विद्यार्थ्याच्या हाती देण्याचे. इंग्लंडमध्ये १९९९ पासून खासगी नृत्य-नाट्यशाळांत शिकणाऱ्यांना कुटुंबाचे उत्पन्न पाहून शासकीय साह्य दिले जाते, तेव्हा येथेही विद्यार्थ्याने खैरागड, नागपूर, पुणे यांपैकी हवे ते स्थान निवडावे आणि पैसा त्याच्यामागून जावा, असा हा विचार. यासाठी नवे खाते उघडावे लागत नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, जिल्ह्यातील देवरी येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. अडचण एवढीच की, या योजना मान्यताप्राप्त महाविद्यालयीन अभ्यासक्रम गृहीत धरतात. ज्या वयात नर्तक घडतो त्या वयाला, आणि ज्या मंडळात लोकनर्तक घडतो त्या मंडळाला, त्या स्पर्श करीत नाहीत.

चौथे मत शासनाने दूर राहावे असे सांगते. झाडीपट्टी रंगभूमी प्रेक्षकांच्या तिकिटावर जगली, अनुदान मिळताच ती प्रेक्षकांऐवजी कचेरीकडे पाहू लागेल, ही भीती. या मताला अनुभवाचा आधार आहे. मात्र प्रेक्षक प्रयोगाचे मोल देतो, शिक्षणाचे देत नाही. कंपनीला तयार नर्तकी हवी असते, आणि ती तयार होण्याचा खर्च उचलण्यात कोणत्याही एका कंपनीचे हित नसते, कारण शिकलेली मुलगी पुढच्या हंगामात दुसऱ्या कंपनीत जाऊ शकते. प्रस्तुत लेखकास तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते, परंतु ते दहा ते अठरा या वयापर्यंत खाली आणले आणि मंडळातील शिक्षणाला त्यात जागा दिली तरच.

जे सुटलेले नाही

मंडळातील शिक्षण मोजावे कसे, हा पहिला अनिर्णीत मुद्दा. दहावीच्या वाढीव गुणांच्या निमित्ताने शासनाने त्याचे एक उत्तर नकळत देऊन ठेवले आहे: शास्त्रीय नृत्यासाठी उत्तीर्ण परीक्षा पाहाव्यात आणि लोककलेसाठी केलेले प्रयोग मोजावेत, असा तेथे भेद आहे. प्रयोगांची नोंद हीच योग्यतेची खूण मानण्याचे हे तत्त्व शिष्यवृत्तीलाही लावता येईल असे काहींचे म्हणणे. प्रयोगांची संख्या शिकण्याचा दर्जा सांगत नाही, आणि मुलांना शाळा बुडवून मंचावर उभे करण्याचा मोह त्यातून वाढेल, असे इतरांचे.

दुसरा मुद्दा समाजाच्या संमतीचा. रेला किंवा गोवारींचा नाच अभ्यासक्रमात घ्यावयाचा तर तो कोणी शिकवावा, कोणते अंग शिकवावे आणि कोणते देवकार्यासाठी राखून ठेवावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्या समाजाचा तो नाच आहे त्याचाच असला पाहिजे. स्नेहसंमेलनांतून आणि २०१५ पासून शाळांत होणाऱ्या कला उत्सवांतून आदिवासी नृत्ये भाड्याच्या पोशाखात सादर होतात; त्यांत गोंड मुले किती आणि शिकवणारे गोंड किती, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

तिसरा, परराज्यातील शिक्षणाचा. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी आहे त्या राज्याने द्यावयाची, असा नियम आहे; तरीही खैरागडला प्रवेश घेताना दोन राज्यांच्या दाखल्यांची आणि संकेतस्थळांची जुळवाजुळव करणे हे देवरीच्या खेड्यातील कुटुंबाला सोपे नाही. सीमेलगतच्या जिल्ह्यांसाठी दोन्ही राज्यांनी करार करून खैरागडच्या काही जागा आणि वसतिगृहाचा खर्च निश्चित करावा, ही सूचना व्यवहार्य आहे, पण तिचा पाठपुरावा करणारी संस्था जिल्ह्यात उभी राहिलेली नाही.

आणि शेवटचा प्रश्न शिक्षणानंतरच्या निर्वाहाचा. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत शंभराहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा लागतो. ही जागा चित्रकलेपुरती न समजता काही शाळांत नृत्यशिक्षकाने भरावी, आणि हंगामात मंचावर असणाऱ्या कलावंताला जून ते दिवाळी या पावसाळ्याच्या महिन्यांत तेथे काम मिळावे, असा एक विचार अलीकडे बोलला जातो. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होत असल्याने वेळापत्रकाच्या दृष्टीने तो जुळण्यासारखा आहे. निदेशकाच्या पात्रतेत दंडारीच्या शाहिराला बसवावयाचे तर नियमात कोणता बदल करावा लागेल, आणि त्याचे मानधन शिक्षण खात्याने द्यावे की सांस्कृतिक खात्याने, यावर मात्र अद्याप निर्णय झालेला नाही.